रांगण्याच्या तारखेचा रकाना

लेक सात महिन्यांची झाल्यावर आम्ही सुट्टीसाठी तिच्या आजोळी गेलो, तिथून परस्पर माझ्या नणंदेकडे चार दिवस राहिलो, परत येऊन तीन आठवड्यांत घराची बांधाबांध केली आणि दुसऱ्या शहरात राहायला गेलो. प्रवास सुखाचा झाला असे म्हणणार नाही, पण तो झाला. सामानही दोन बरण्या वगळता धड पोहोचले. अडकलो ते नव्या शहरातील बाल आरोग्य केंद्राच्या नोंदणीच्या खिडकीपाशी. त्या अडकण्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही, त्यामुळे पुढच्या मजकुरात तो डोकावेल.

आमची लेक ३५ व्या आठवड्यात, म्हणजे अपेक्षित तारखेच्या पाच आठवडे आधी जन्मली. अशा बाळाच्या वाढीचे टप्पे पाहताना प्रत्यक्ष वयातून तेवढे आठवडे वजा करायचे आणि साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत तसेच मोजायचे, हे जुन्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत समजावले होते. लसी मात्र जन्मतारखेपासूनच्या वयानुसार द्यायच्या असतात. या दोन हिशेबांची गल्लत घरी कधी झाली नाही, ती खिडकीवर झाली.

सुट्टीत लेकीने बरेच काही उरकून घेतले. आजोळी पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या मागची उशी काढून घेतली तरी ती कलंडली नाही. दोन्ही हात पुढे टेकून थोडा वेळ बसली आणि मग एक हात उचलून आजोबांच्या चष्म्याकडे नेला. नणंदेच्या घरी गुळगुळीत फरशी होती, तिथे ती बसल्या बसल्या सरकायला शिकली: एक पाय खाली दुमडलेला, दुसरा पुढे, आणि एका हाताचे वल्हे. परतीच्या प्रवासात माझे बोट चावत असताना खालच्या हिरडीला काहीतरी टोकदार लागले, तो पहिला दात. ज्या आत्याकडे दोन महिन्यांपूर्वी ती हसत गेली होती, तिच्याकडेच या खेपेस बघून रडली, त्याचे आत्याला फार वाईट वाटले. पण आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास परक्या चेहऱ्यांचे भय वाटू लागणे हीही वाढीचीच खूण असते, हे तिला दोन वेळा सांगावे लागले. घर रिकामे होत असताना, भिंतीशी लावलेल्या एका खोक्याची कड धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. उभे राहता आले, खाली बसता येईना, म्हणून पुढच्या आठ-दहा रात्री ती पाळण्यात उठून उभी राहायची आणि आम्ही खाली बसवेपर्यंत रडायची.

यातल्या एकाही गोष्टीची तारीख आम्ही लिहून ठेवली नाही. सुट्टीत वार लक्षात राहत नाहीत, तारखा तर दूरच.

नव्या शहरात पहिली नऊ दिवसांची धावपळ संपल्यावर मी लेकीला घेऊन केंद्रात गेले. तेव्हा ती नऊ महिने आणि दहा दिवसांची होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी लसीकरणाचे कार्ड मागितले. कार्ड खोक्यात होते, आणि कोणत्या खोक्यात ते आम्हाला ठाऊक नव्हते. जुन्या दवाखान्यातून नोंदी मागवाव्यात असे मी सुचवले, तर तिथे सुट्ट्या सुरू होत्या आणि दूरध्वनीवर एकच ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येत होता. लेखी नोंद नसेल तर मात्रा मिळालीच नाही असे धरले जाते, हे मला मान्य आहे आणि ते योग्यही आहे. पण "मग सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल" हे वाक्य त्यांनी ज्या सहजतेने उच्चारले, ते ऐकून मी लेकीला उचलून बाहेर आले. कार्डाचा फोटो सामान बांधण्याआधी दोघांच्या फोनमध्ये घेऊन ठेवावा, मागचे पानही घ्यावे, कारण लसीच्या कुपीचा क्रमांक आमच्या कार्डावर मागेच होता. हे मला त्या पायऱ्यांवर सुचले, म्हणजे अगदी वेळेवर.

कार्ड त्याच संध्याकाळी सापडले. लेक जे खोके धरून उभी राहिली होती, त्याच खोक्यात, पातेल्यांखाली.

दुसऱ्या खेपेस कार्ड होते, म्हणून गाडी पुढच्या अर्जापर्यंत गेली. हा अर्ज संगणकावर भरला जातो आणि त्यात वाढीच्या प्रत्येक टप्प्यासमोर तारखेचा रकाना आहे: मान धरली, पालथी पडली, आधाराशिवाय बसली, रांगली, धरून उभी राहिली. महिना नव्हे, तारीख. मी फोन काढून फोटो दाखवू लागले आणि तिथे आणखी एक फसगत कळली. बसल्याची चित्रफीत आजोबांनी काढून मला पाठवली होती, त्यामुळे माझ्या फोनमध्ये तिच्यावर ती माझ्याकडे आल्याची तारीख होती, काढल्याची नव्हे. आजोबांनी ती तब्बल आठ दिवसांनी पाठवली होती. खरी तारीख हवी असेल तर ज्याने चित्रण केले त्याच्याच फोनमध्ये पाहावे लागते. आजोबांना फोन लावून, चष्मा शोधायला लावून, ती तारीख मिळवली. मागे पाच जण रांगेत उभे होते.

मग रांगण्याचा रकाना आला. ती रांगत नाही, बसून सरकते, असे मी सांगितले.

"रांगायला कधी लागली ते सांगा."

"ती रांगतच नाही, तर तारीख कुठून आणू?"

"तारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, मॅडम. कुठलीही टाका."

कुठलीही तारीख टाकायला मी नकार दिला. थोडा हट्ट होता हे कबूल करते. पण मुलीच्या आरोग्याच्या कागदावर पहिलीच नोंद खोटी करायची, आणि पुढे कुणी डॉक्टर त्यावर विसंबून राहणार, हे मला पटेना. शेवटी त्यांनी "अद्याप नाही" असा पर्याय निवडला. लगेच पडद्यावर लाल ओळ उमटली: टप्पे उशिरा, विकास तपासणीसाठी पाठवावे. बसण्यासमोरही तसाच लाल ठिपका आला, कारण अर्जाच्या मते ती उशिरा बसली होती. विकास तपासणीची पुढची उपलब्ध तारीख सात आठवड्यांनंतरची होती, आणि ती होईपर्यंत नेहमीच्या तपासणीची वेळ त्या प्रणालीतून देता येत नव्हती. म्हणजे मूल मागे आहे अशी शंका आल्यामुळे त्या मुलाला डॉक्टरांनी पाहायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

त्या रात्री, पडदे न लावलेल्या खोलीत, खोक्यावर फोन टेकवून मी वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून २००६ मध्ये हालचालींच्या सहा टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा कालावधी ३.८ ते ९.२ महिने, धरून उभे राहण्याचा ४.८ ते ११.४, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ आणि स्वतंत्र चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आहे. त्याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि त्यांना त्यावरून कुणी आजारी ठरवले नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा तिच्यातून रांगणे काढूनच टाकले. बसून सरकणारी मुले बऱ्याचदा थोडी उशिरा चालतात, हेही वाचले. ते मी नवऱ्याला सकाळी सांगितले. सगळे वाचून जीव भांड्यात पडला आणि खिडकीवरचा राग दुप्पट झाला.

अर्थात, ज्या गोष्टींसाठी खरोखर थांबू नये त्याही त्याच वाचनात होत्या: आलेली एखादी हालचाल किंवा आवाज नाहीसा होणे, सतत एकाच बाजूचा हात-पाय वापरणे, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय न बसणे. प्रवासानंतर झोप बिघडणे, चिकटून राहणे, चार दिवस कमी बडबड करणे हे यात येत नाही. बसणारे मूल बसायचे थांबले, तर ते येते.

तिसऱ्या खेपेस मी खिडकी टाळली आणि आत लसी देणाऱ्या परिचारिकेला भेटले. आधी हे का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. तिने कार्ड चाळले, लेकीला चटईवर बसवले आणि एक छोटी घंटा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर ठेवली. लेकीने आधी परिचारिकेकडे संशयाने पाहिले, ओठ काढला, मग घंटेकडे पाहिले, एक पाय दुमडला आणि वल्हे मारत जाऊन ती घंटा तोंडात घातली. सगळे मिळून अर्धे मिनिट. "कुठल्या आठवड्यात जन्मली?" परिचारिकेने विचारले. मी ३५ म्हणाले. तिने अर्जाचे पहिले पान उघडले, आणि तिथे गर्भावधीच्या रकान्यात ४० होते. मला हा प्रश्न विचारलाच नव्हता. तो आकडा तिथे आपोआप येतो आणि न बदलता पुढे जाता येते. ज्या रकान्यात खोटा आकडा चालतो तो उघडाच, आणि जिथे खरे सांगायला आकडाच नाही तिथे कुलूप! तिने ४० खोडून ३५ टाकले, बसण्यासमोरचा लाल ठिपका गेला. मग रांगण्याच्या पर्यायांची यादी खाली, अगदी खाली सरकवली. सगळ्यांत शेवटी "अन्य प्रकारे सरकते" असा पर्याय होता. तो खिडकीवरच्या पडद्यावर, यादी सरकवल्याशिवाय, दिसत नव्हता इतकेच.

लसींबाबतही तिने निराळेच सांगितले. आमची एक मात्रा प्रवासामुळे तीन आठवडे लांबली होती. नेहमीच्या बाल लसींमध्ये दोन मात्रांमधले अंतर वाढले म्हणून मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. पाच मिनिटांत टोचून झाले. लेक रडली, मी नाही.

राहून गेलेल्या दोन गोष्टी. घर बदलण्याआधी जुन्या दवाखान्याकडून नोंदींची प्रत हातात घ्यावी, आणि ती सुट्ट्या लागण्यापूर्वी घ्यावी. गाडीतल्या बाळाच्या आसनात झोपलेले बाळ मुक्कामी पोहोचल्यावर उचलून सपाट जागी उताणे झोपवावे. दमलेले आई-बाप "झोपलंय तर झोपू दे" म्हणून आसनच घरात आणून ठेवतात, आम्हीही एकदा ठेवले आणि आजीने हटकले.

पुढच्या तपासणीची तारीख असलेली पावती मिळाली, तिच्यावर गर्भावधी ३५ छापला आहे हे मी दारातच तपासले. कार्ड आता माझ्या पर्समध्ये असते. त्याच्या एका कोपऱ्यावर दोन दातांच्या खुणा आहेत, आणि त्या कोणत्या तारखेच्या ते मला नक्की ठाऊक आहे.