निंबाखालचा रोडगा

शनिवार, २१ फेब्रुवारी

बाबांना जाऊन आज तीन महिने झाले. पहाटे पावणेपाचला बूट घातले आणि बराच वेळ ओट्यावरच बसून राहिलो. थंडी ओसरली आहे. संत्र्याचा आंबिया बहार फुललाय, त्याचा वास बगीच्यातून थेट घरात येतो. याच दिवसांत सायकल काढताना बाबा म्हणायचे, "चाल, देवानं रस्त्याले अत्तर लावलं."

नोव्हेंबरपासून मी धावलो नव्हतो. त्याआधी सहा वर्षं जवळजवळ एकही शनिवार चुकवला नाही. वीस, पंचवीस, कधी बत्तीस किलोमीटर, मॅरेथॉनच्या ४२.१९५ साठी पाय तयार करायला. रस्ता ठरलेला, अचलपूर-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेच्या रुळांना धरून. आता त्या अडीच फुटी रुळांत गवत वाढलंय. बाबांच्या लहानपणी तिथं वाफेचं इंजिन होतं, आणि गाडी इतकी सावकाश जायची की पोरं तिच्याशी शर्यत लावत. चढावर बाबा जिंकायचे म्हणे. त्यांचं स्वतःचं धावणं तेवढंच. माझ्यामागं मात्र ते सायकलवर असायचे. हँडलला पाण्याच्या बाटल्या, पिशवीत गूळ-शेंगदाणे आणि आदल्या रात्री भाजलेला कणकेचा जाड रोडगा.

आठव्या किलोमीटरला एक निंब आहे. तिथं ते मला थांबवायचे, भूक असो नसो. शरीरात साठलेली साखर तीसेक किलोमीटर पुरते आणि मग पाय एकदम जड होतात, म्हणून भूक लागायच्या आधीच खायचं, हे मी वाचून शिकलो. बाबांना ते बायबलातून ठाऊक होतं, १ राजे, अध्याय १९. एलीया संदेष्टा कंबर कसून राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानात एका झुडपाखाली पडून म्हणतोय, प्रभो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. उपदेश करत नाही, रागावतही नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण पुढचा रस्ता लांबचा आहे. होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस. "तो रोडगाच असन," बाबा म्हणायचे, "गोवरीच्या आरावरचा. खाय."

बाबांनी एकतीस वर्षं मिशनच्या महारोग दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. या रोगात मज्जातंतू मरतात, तळपायाला काही कळेनासं होतं. खडा रुतला, काटा घुसला, चटका बसला, तरी माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोग्यांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचे: रोज पाय धू, डोळ्यांनी बघ, बोटांच्या मधे बघ. घरी मलाही तोच नियम. दारात पाऊल टाकलं की, "बूट काढ." चष्मा कपाळावर सरकवून ते माझी टाच हातात धरायचे. मी कण्हलो तर म्हणायचे, "दुखते ना? मंग बरं हाये. ज्याले दुखत नाही, त्याची मले काळजी."

दफनाच्या दिवशी मला काहीच दुखलं नाही. काळ्या मातीखाली मुरूम लागला, खोदणाऱ्यांना उशीर झाला. पाळकांनी प्रार्थना केली, मी मूठभर माती टाकली, आलेल्यांना चहा दिला. मंडळीतली माणसं अगदी मायेनं सांगत होती, रडू नको, ते प्रभूजवळ आहेत. चार दिवसांनी शेजारच्या काकांनी विचारलं, तेरवी कधी? म्हणालो, आमच्यात तेरवी नसते, स्मरणाची उपासना असते. ते थोडा वेळ गप्प राहिले. "मंग तुमच्यात माणूस रडाले बसते कवा?"

मला उत्तर सुचलं नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, पूर्ण आहे, आणि म्हणूनच रडायचं नाही असं मी धरून चाललो होतो. मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूला ठाऊक होतं, थोड्याच वेळात हा माणूस चालत बाहेर येणार. तरी तो रडला. योहानाच्या ११व्या अध्यायात ते आहे. सगळ्यात छोटं वचन, म्हणून शब्बाथ शाळेत पाठांतराला आम्ही पोरं तेच निवडायचो. बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या उपासनेत ते वाचलं गेलं, आणि एवढ्या वर्षांत मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

आज निघालो तेव्हा आईनं फडक्यात बांधलेला रोडगा हातात ठेवला. रात्री तिनं गोवऱ्या पेटवल्या होत्या. मी काही सांगितलं नव्हतं. पहिले तीन किलोमीटर श्वासच लागेना. पुढं पाय चालले, मागून सायकलच्या साखळीचा आवाज नाही हेच फक्त ऐकू येत होतं. निंबाच्या खोडावर, कमरेच्या उंचीला, साल घासून गेली आहे. दर शनिवारी बाबा हँडल तिथंच टेकवायचे. त्या खुणेवर हात ठेवला आणि मला खाली बसावं लागलं.

किती वेळ रडलो ठाऊक नाही. उजाडलं. पऱ्हाटीनं भरलेली एक बंडी आली. बंडीवाल्यानं बैल थांबवले, माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढं केली, मी प्यायलो, तो निघून गेला. मग मी फडकं सोडलं आणि अख्खा रोडगा खाल्ला.

परतीचं निम्मं अंतर चालतच आलो. वाटेत कबरस्तानात गेलो. काळी माती पावसाळा गेल्याशिवाय बसत नाही, म्हणून चबुतरा नंतर बांधायचा. ५ एप्रिलला पुनरुत्थान दिनाची, म्हणजे ईस्टरची, पहाटेची उपासना इथंच आहे. दरवर्षी अंधारात कंदील घेऊन पुढं बाबा असायचे. पाळकांना सांगितलंय, या वर्षी कंदील मी धरतो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर तूर पाखडत होती. "किती झालं?" ती हे कधी विचारत नसे. म्हणालो, सोळा, पण निम्मं येणं चालतच. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बूट काढ."

टाचेला फोड आला होता. तिनं बोट लावलं, तशी मी पाय ओढून घेतला.