हॅशची मर्जी

पासवर्डात एखादं तरी विशेष चिन्ह हवंच, असा आग्रह हल्ली सगळीकडे असतो. आपणही तो निमूटपणे पाळतो. पुढे तोच पासवर्ड डेटाबेसच्या फाइलीत लिहायची वेळ आली की कळतं, या चिन्हांना तिथे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेलं आहे.

समजा, पासवर्ड आहे आंबा#७:९. (देवनागरीत कुणी ठेवत नाही, पण धरून चालायला काय जातंय!) पोस्टग्रेस या डेटाबेसचे पासवर्ड लिहून ठेवायच्या पीजीपास फाइलीत एका ओळीत पाच रकाने असतात: होस्ट (सर्व्हरचं नाव), पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड. मध्ये कोलन (:). तिला हॅशचं (#) काही वाटत नाही, पण कोलन दिसला की रकाना संपला, आणि सर्व्हरकडे जातो नुसता आंबा#७. म्हणून कोलनच्या आधी बॅकस्लॅश (\) द्यायचा. पासवर्डात मुळातच बॅकस्लॅश असेल तर त्याच्याही आधी आणखी एक. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ऑप्शन फाइलीत, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, सगळं उलटं. कोलन खुशाल चालतो, पण हॅश ओळीच्या मध्ये आला तरी तिथून पुढचं सगळं कमेंट, म्हणजे प्रोग्रामने सोडून द्यायची टीप. हाती उरतो आंबा. अवतरणचिन्हांत घातलं की सुटका. तीच चिन्हं पीजीपासमध्ये घाला, पासवर्डाचाच भाग होऊन बसतात.

पीजीपासमधल्या कमेंटची गंमत तर औरच. ओळीच्या सुरुवातीला हॅश देऊन आठवणीसाठी नोंद ठेवा, असं मॅन्युअल सांगायचं. पण जुन्या आवृत्त्यांच्या कोडमध्ये कमेंट ओळखणारं काही नव्हतंच! हॅशची ओळही चारचौघींसारखी वाचली जायची. हॅशने सुरू होणाऱ्या नावाचा सर्व्हर कुणाकडे नसतो, म्हणून ती जुळायची नाही, इतकंच. रीतसर तपासणी नंतर आली. आजही हॅश ओळीचं अगदी पहिलं अक्षर लागतं. ओळीच्या शेवटी ‘#टेस्टचा’ असं कौतुकाने लिहिलं तर तेही पासवर्डाला चिकटतं, मधल्या स्पेससकट.

शिवाय ही फाइल भलतीच सोवळी. लिनक्सवर परवानगी ०६०० पेक्षा (म्हणजे फक्त मालकाने वाचावं-लिहावं, यापेक्षा) सैल असली की एक इशारा देऊन ती बाजूला ठेवली जाते.

आणि हाच पासवर्ड जोडणीच्या यूआरएलमध्ये द्यायचा म्हटलं तर? तिथे अशी चिन्हं आणि देवनागरी अक्षरं टक्क्याच्या संकेतात लिहावी लागतात: हॅशचं होतं टक्का-तेवीस (%23), कोलनचं टक्का-तीन-ए (%3A). नुसत्या आंब्याचे बारा तुकडे, प्रत्येकापुढे एकेक टक्का.