भिंतीवरचं कालनिर्णय

जानेवारी २०२४. शनिवारची सकाळ, बाहेर उणे चौदा. आठच्या ठोक्याला तो कॅनडात, मिसिसागातल्या माझ्या ऑफिसात आला, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झाले होते आणि ती कर्वेनगरच्या खोलीत फोन उशीला टेकवून आमची वाट बघत बसली होती. दोघंही तिशीच्या आतली. नवऱ्यानं बायकोला कॅनडात बोलवायचं, त्यासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज करायचा, एवढंच काम. फॉर्म त्यांनी स्वतःच भरून ठेवले होते. मी तपासून पोर्टलवर चढवायचे होते. (दोघांना विचारूनच हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

या अर्जात मी सगळ्यांत आधी दोन तारखा विचारते. पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, कधी मिळाला आणि लग्न कधी झालं? पीआर घेताना एखाद्यानं स्वतःला अविवाहित म्हणून दाखवलं आणि तिकडं लग्न उरकलेलं असलं, तर इथल्या नियमावलीतलं ११७(९)(डी) हे कलम त्या बायकोला कुटुंबातूनच वगळतं. २०१९ पासून अशा काही जणांना सवलत मिळाली, पण त्या वाटेला जायची वेळ कुणावर येऊ नये. याच्या तारखा व्यवस्थित होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये शिकायला आला, मग वर्क परमिट, मार्च २०२२ मध्ये पीआर. लग्न ९ फेब्रुवारी २०२३ रोजी, पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली. मी निश्चिंत झाले आणि फोटो उघडले.

वीस फोटो होते. मुंडावळ्या, अंतरपाट, हिरवा चुडा, होम, सप्तपदी. प्रत्येकाखाली इंग्रजीत ओळ आणि तारीख, ९ फेब्रुवारी. कन्यादानाच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'वधूचे आई-वडील'. अकराव्या फोटोत गुरुजींच्या मागचा पिवळा पडदा एका बाजूनं जरासा कमी पडला होता. तिथं भिंतीला खिळ्यावर कालनिर्णय लटकत होतं. लहानपणापासून स्वयंपाकघरात बघितलेलं ते पान, म्हणून असेल, मी फोटो मोठा केला. महिन्याचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. डिसेंबर.

मी त्याच्याकडून पासपोर्ट मागून घेतला. लग्नाच्या वर्षी तो दोनदा भारतात गेलेला. जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकदा, आणि नुकताच डिसेंबरात, दोन आठवडे. मी लॅपटॉप त्याच्याकडं वळवला आणि त्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. तो बघत राहिला. कानापर्यंत लाल झाला. बोलली तीच, पडद्यावरून.

"ते माझे बाबा नाहीत, ताई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघांची जात वेगळी. २०१७ मध्ये कर्वेनगरच्या एका मेसमध्ये ओळख झाली. तो कॅनडाला गेला तरी फोन कधी तुटला नाही. तिच्या घरी हे लग्न होऊ देणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून रजिस्टर लग्न ठरवलं. त्या कायद्यात आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ही नोटीस फक्त पुण्यातच लागत नाही, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मुलीचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असला, तर तिची एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथंही लावली जाते. तिच्या जिल्ह्याच्या गावी ती लागली. कुणीतरी वाचली. रात्री वडिलांचा फोन आला, दोन मिनिटांचा. त्यानंतर घरातून कुणी बोललं नाही. पंधरा दिवसांनी बहिणीचा एक मेसेज तेवढा आला.

लग्नाला, त्या दोघांना धरून, सहा माणसं. तीन साक्षीदार: त्याचा मित्र, तिची रूममेट आणि मेसवाल्या काकू. सहावी त्याची आई, सुपारीएवढा गूळ हातात घेऊन उभी. मित्राच्या फोनवर सात फोटो, त्यातले तीन हललेले. हार सुद्धा कचेरीच्या दारातल्या टपरीवरून घेतलेले.

असं लग्न घेऊन ती पुण्यातल्या एका एजंटाकडं गेली. तो म्हणाला, गोऱ्या साहेबाला भारतातलं लग्न म्हणजे पाचशे माणसं आणि आई-वडील माहीत. सहा माणसांचं लग्न खोटंच वाटणार. डिसेंबरात नवरा आला की छोटं कार्यालय घ्या, विधी करून घ्या, आई-वडील म्हणून कुणाला तरी बसवा आणि तारीख फेब्रुवारीची घाला. या सल्ल्याचे त्यानं चाळीस हजार घेतले. मला त्याचा आजही संताप येतो. पोरं भोळी होती असं मी म्हणणार नाही, ती घाबरलेली होती, आणि अशा वेळी माणसाला जे सांगाल ते तो करतो. अर्जात खोटी माहिती दिली असं ठरलं, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली तिला पाच वर्षं या देशाचं दार बंद झालं असतं. खरं लग्न, आणि खोट्या फोटोंपायी पाच वर्षं.

त्या एजंटाचं अर्धं म्हणणं खरं होतं, हे मी नाकारत नाही. आयएमएम ५५३२ नावाचा प्रश्नांचा फॉर्म आहे. कुठं भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला कोण होतं, आई-वडील आले होते का, नसतील तर का नाही, असं सगळं त्यात विचारतात. वर लग्न खरं आहे की कागदांसाठी केलंय, हे ठरवायचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. माझं स्वतःचं लग्न २०१३ मध्ये साताऱ्यात झालं, सहाशे पानं उठली. अल्बम इतका जाड की कुरिअरवाल्यानं दोनदा वजन केलं. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्या काळी नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहायची अट होती, २०१२ मध्ये लागलेली, २०१७ मध्ये काढली. ती दोन वर्षं मी काढली, पण आपलं लग्न खरं आहे हे कुणाला पटवून द्यायची पाळी माझ्यावर आली नाही. त्या सकाळी हे फार जाणवलं.

"ताई, खरं लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल?" तो म्हणाला.

मी चहा केला आणि म्हटलं, ती नोटीस आहे का तुमच्याकडे?

ती तिनं फाडायचीच बाकी ठेवली होती. बॅगेच्या तळाशी, पिशवीत गुंडाळून. त्या कागदापायी घर तुटलं होतं, तो तिला नजरेसमोरही नको होता. मी तिला तो कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. दोघांची नावं, पत्ते, सह्या, कचेरीचा शिक्का, ५ जानेवारीची तारीख. लग्नाच्या पाच आठवडे आधी दोघांनी सरकारदरबारी जाऊन, दोन जिल्ह्यांत, सगळ्या जगाला सांगितलं होतं की आम्ही लग्न करणार आहोत, हरकत असेल त्यानं घ्यावी. कागदासाठी गुपचूप लग्न करणारी माणसं असं करत नाहीत. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं तो कागद पहिल्यांदा नीट वाचला असावा, कारण बराच वेळ ती खाली बघत होती.

मग मेसवाल्या काकूंना फोन लावला. रूममेट त्यांच्याकडं गेली आणि व्हिडिओवरून बोलणं झालं. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. मेसच्या हिशेबाच्या सगळ्या वह्या त्यांनी ठेवल्यात. लाल शाईत मेंबरांची नावं, पुढं तारखांच्या चौकटी, जेवला तर टिंब, खाडा असेल तर फुली. २०१७ च्या दिवाळीपासून त्या दोघांची नावं एकाखाली एक लिहिलेली, कारण दोघं एकदमच पैसे भरायला यायची. रूममेटनं पानाचे फोटो पाठवले. मी पानं एकामागून एक बघत गेले आणि मध्येच थांबले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल २०१८. त्याच्या ओळीत जिथं फुली, बहुतेक तिथंच तिच्या ओळीत फुली. एखाद्या रविवारी रात्री दोघांचाही खाडा. चौदा तारखेला दोघांचाही खाडा. तीन महिन्यांत अकरा फुल्या, आणि त्यातल्या नऊ सारख्या.

"कुठं जायचात रे?" मी विचारलं.

"तळजाईच्या टेकडीवर," तो म्हणाला. "नंतर कणीस खायचो. जेवणाला पैसे उरायचे नाहीत."

काकूंनी रेघांच्या कागदावर मराठीत पत्र लिहून दिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय: 'पोरीचे आई-बाप आले नाहीत म्हणून साक्षीदाराची सही मी केली, आणि कुंकूही मीच लावलं.'

बहिणीचा मेसेज ती दाखवायला तयार नव्हती. मी आग्रह केला नाही, हे सांगणं मला गरजेचं वाटतं. आई-वडील का आले नाहीत, याचं उत्तर तिनं दोन वाक्यांत लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण दुपारी, तिकडं मध्यरात्र उलटल्यावर, तिनं स्वतःहूनच तो पाठवला. एकच ओळ. 'आम्ही तुझ्या नावानं आंघोळ केली.'

पुढच्या आठवड्यात भाषांतरकार बाईंचा फोन आला. कागद मराठीत असला की त्याचं इंग्रजी भाषांतर लागतंच, आणि ते घरच्यांनी केलेलं चालत नाही. बाई मूळच्या नागपूरच्या. म्हणाल्या, शब्दाला शब्द ठेवला तर अधिकारी म्हणेल, आंघोळ केली तर बिघडलं काय? आणि 'तू आम्हाला मेलीस' असं लिहिलं, तर ते बहिणीनं लिहिलेलंच नाही. आम्ही दोघी फोनवर अर्धा तास त्या एका ओळीपाशी होतो. शेवटी बाईंनी ओळ जशीच्या तशी भाषांतरित केली आणि खाली टीप दिली: घरात कुणी गेल्यावर नातेवाईक आंघोळ करतात; जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ केली म्हणणं म्हणजे ते माणूस आपल्याला मेलं, असं जाहीर करणं.

डिसेंबरचे फोटो टाकून द्या, असं तो म्हणत होता. मला ते पटलं नाही. ते विधी झाले होते, ते लपवलं असतं तर दुसरं खोटं झालं असतं. आम्ही त्यातला एकच फोटो ठेवला, खरी तारीख घातली आणि तो का काढला हेही लिहिलं. कन्यादानाला बसलेला तो माणूस कार्यालयाच्या मंडपाचं काम बघायचा. मोबदला म्हणून ठरलेले पैसे त्यानं घेतले नव्हते, उलट निघताना तिच्या हातावर एकशे एक रुपये ठेवले होते. फोटोखालची ओळ तिनंच लिहिली: 'माझ्या वडिलांच्या जागी बसलेले गृहस्थ. नात्याचे नाहीत.'

तीन वर्षांच्या हमीपत्रावर त्यानं सही केली. पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं तिचा खर्च त्याच्यावर, उद्या घटस्फोट झाला तरी सुटका नाही. हे सगळ्यांना समजावून सांगावं लागतं, म्हणून मी त्यालाही सांगितलं. त्यानं मान हलवली आणि मराठीत सही केली. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मवर वडिलांचा पत्ता लागतो. तो तिनं कुठं न बघता लिहिला, गल्ली, पोस्ट, पिनकोडासकट.

नोव्हेंबरात मंजुरी आली. मुलाखतीला बोलावलं नाही. बातमी कळल्यावर तिनं पहिला फोन काकूंना केला आणि दुसरा बहिणीला. बहिणीनं उचलला. बोलली काही नाही, पण ठेवलाही नाही.