तळातले स्वेटर

नाताळच्या सुट्टीत कोकणात जायचं, हे आमच्याकडे ठरतं ऑक्टोबरात. घामाच्या धारा लागलेल्या असताना. त्याला इलाज नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं), म्हणजे २५ डिसेंबरची गाडी हवी तर २६ ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसायचं. हे काम यांचं. पंखा पाचवर, गळ्यात टॉवेल. अशा घामेजल्या माणसाला स्लीपरचा डबा कसा दिसणार? "एसीच बघतो," हे म्हणतात. आणि डिसेंबरात त्याच एसी डब्यात, रेल्वेच्या चादरीत सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून पडलेले असताना मलाच विचारतात, "हे जरा कमी नाही का गं करता येत?"

बॅग मात्र भरायची डिसेंबरात, आणि तिथे सगळं उलटं होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. उत्तरेकडचं वारं सुटलं की इथे नळाचं पाणी बोटांना चावतं. निफाडचा पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी येते आणि द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात. अशा हवेत पायांत मोजे, कानाला स्कार्फ अशा थाटात बॅगेपुढे बसलं, की रत्नागिरीला दुपारी तिशीच्या वर तापमान असतं हे डोक्याला कळतं, हाताला पटत नाही. हात आपला स्वेटरकडेच जातो. माणूस बॅग भरतो ती जिथे बसलाय तिथल्या हवेची. हे मला पटायला एक अख्खी सहल खर्ची घालावी लागली.

त्या वर्षी गणपतीपुळ्याला निघालो होतो. आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. एसी थ्री टियरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, असं यांनी कुठेसं वाचलं होतं. ती मर्यादा असते. यांना ते उद्दिष्ट वाटलं. मोठ्या बॅगेच्या तळाशी चार स्वेटर, दोन जाकिटं, लेकीची लोकरीची टोपी. त्यावर बाकीचे कपडे. कोकणातल्या नातेवाइकांसाठी नाशिकचा चिवडा घेतला दोन किलो. चिवडा वजनाला हलका आणि जागेला महाभारी. तो नीट उभा राहावा म्हणून बॅगेतली निम्मी जागा त्याच्या मर्जीनं लावावी लागते आणि इतकं करून पोचेपर्यंत त्याचा भुगा होतोच.

शेवटी खोबरेल तेलाची बाटली. थंडीत ते थिजून अगदी पांढरं झालेलं. उलटी केली, हलवली, तेल जागचं हललं नाही. झाकणाचा आटा जरा झिजलेला होता, पण दगडासारख्या तेलाला झाकण हवंय कशाला, असं म्हणून बाजूच्या फटीत खुपसली. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, हे शाळेत शिकले असेन. नसेन तरी दर उन्हाळ्यात बघतच होते की.

सासूबाईंनी बॅगेत काही ठेवलं नाही. त्यांची एक कापडी पिशवी. तीत दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, औषधांची डबी, आणि वर घडी करून एक शाल. "आई, ती शाल द्या इकडे, बॅगेत टाकते," मी म्हटलं. "असू दे गं माझ्यापाशी," म्हणाल्या. मला वाटलं, वयाचा हट्ट.

कोकणात उतरलो आणि पहिल्या तासात कळलं की आपण चुकीच्या ऋतूची तयारी केलीय. समुद्र जवळ असला की थंडीही दबून असते. रात्री पातळ चादर पुरली. दिवसा मात्र ऊन असं, की लेकीला सुती फ्रॉक हवे होते. तिच्याकडे दोन होते. ते धुऊन, वाळवून तीनदा घातले. टोप्यांमध्ये होती ती लोकरीची. ती डोक्यावर चढवून वाळूत किल्ला करणाऱ्या माझ्या लेकीचा फोटो अजून आहे, तिला आता तो कुणाला दाखवलेला आवडत नाही. चार दिवस स्वेटरांना कुणी हात लावला नाही, म्हणून बॅगेच्या तळाशी काय चाललंय हेही कुणाला कळलं नाही.

माझ्या माहेरी होल्डॉल होता. हिरव्या कॅनव्हासचा, कातडी पट्ट्यांचा. वडील तो स्वतः भरायचे आणि मधे कुणाला बोलू द्यायचे नाहीत. त्यांचा एकच हिशोब असायचा, उतरल्यावर पहिल्यांदा काय लागेल? ते सगळ्यात शेवटी आत. आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. मी हसण्याच्या नादात तो हिशोब शिकायचाच विसरले.

परतीला ठाण्याला गाडी बदलायची होती, आणि पुढचं तिकीट मिळालं ते स्लीपरचं. कसाऱ्यापर्यंत ठीक होतं. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंतचा घाट म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट चढ. कोकणातली ऊब त्या चढावर एकेक करून गळत जाते. बोगदा आला की खिडकीच्या फटीतून वाऱ्याची सुरी आत. लेक झोपेत माझ्या पदरात शिरायला लागली. आणि स्वेटर? बाकाखाली, साखळीनं बांधलेल्या बॅगेच्या तळात, ओल्या टॉवेलांच्या आणि काकूंनी दिलेल्या आंबापोळ्यांच्या खाली.

पहाटे चारला नाशिकरोडला उतरलो. फलाटावर धुकं, चहावाल्याच्या किटलीची वाफ, आणि कुडकुडणारे आम्ही. तिथेच बॅग आडवी घालून उघडली. हे टॉर्च धरून उभे. टॉवेल काढले, साड्या काढल्या, आंबापोळ्या यांच्या हातात दिल्या. तळाशी हात घातला तर काहीतरी कडक लागलं.

तेल कोकणात वितळून, त्या झिजलेल्या आट्यातून आरामात बाहेर आलं होतं आणि चारही स्वेटरांनी ते मनसोक्त प्यायलं होतं. नाशिकच्या हवेत येताच ते पुन्हा थिजलं. माझा पांढरा स्वेटर, मावशीनं विणलेला, पापडासारखा ताठ हातात आला. एक बाही कोपरात वाकलेली, ती तशीच. सरळ होईना. हे बघत राहिले आणि म्हणाले, "घाल. अंगाच्या उबेनं वितळेल."

घातला. दुसरं काय करणार? खांद्यापाशी कर्रकन वाजला. लेकीच्या स्वेटरची एक बाजू बरी होती, ती बाजू पुढे करून तिला गुंडाळलं. आजही कुणाच्या डोक्याला ताज्या खोबरेलाचा वास आला की मला नाशिकरोडचा तो फलाट दिसतो.

सासूबाई एवढा वेळ बाकावर बसून होत्या. पिशवीतून शाल काढली, झटकली, कानांवरून घेऊन हनुवटीखाली नीट खोचली. मग उरलेल्या दोन दशम्यांपैकी एक नातीच्या हातात देत यांना म्हणाल्या, "बॅग बंद कर आता आणि रिक्षा बघ बाबा. कॉलेज रोडला दुप्पट मागतील, थोडी घासाघीस कर."