रिकामी कात्री

लहानपणी कात्री हाती लागली की मी ती उगाच कचकच वाजवत बसायचे. आई ओरडायची, "रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात." भांडणं व्हायचीच. त्यात कात्रीचा वाटा किती आणि काकांचा किती, देव जाणे.

ती कात्री मला पुन्हा भेटली एका जुन्या फ्रेंच व्यंगचित्रात. आंद्रे जिलनं १८७४ साली सेन्सॉरशिपचं चित्र काढलं. त्यात शिपाई नाही, तुरुंग नाही. आहे ती एक खाष्ट म्हातारी. खांद्यावर घुबड, हातात ही थोरली कात्री. नाव मादाम अनास्तासी. आमच्या वाड्यात अशा निदान तीन आत्याबाई होत्या, फक्त घुबड नव्हतं.

१९१४ला महायुद्ध पेटलं आणि अनास्तासीबाईंना उसंत मिळेना. छापण्याआधी वर्तमानपत्रं तपासली जात. खटकलेला मजकूर उडवला की पुष्कळदा ती जागा तशीच कोरी छापली जाई. मला ती कोरी जागा फार आवडते. झाकलेल्या पातेल्यावरच आधी हात जातो, तशी वाचकाची नजर आधी तिथेच जात असणार.

जॉर्ज क्लेमांसो या फ्रेंच राजकारण्याचं 'मुक्त माणूस' नावाचं पत्र होतं. जखमी सैनिकांना घाणेरड्या आगगाड्यांतून नेतात, त्यांना धनुर्वात होतो, असं त्यानं लिहिलं आणि पत्र काही दिवस बंद पडलं. पठ्ठ्यानं नवं नाव ठेवलं, 'साखळदंडातला माणूस'. त्याचीच फिरकी घेत १९१५त मॉरिस आणि जान मारेशाल या नवराबायकोनं साप्ताहिक काढलं, 'ल कानार आंशेने', म्हणजे साखळदंडातलं बदक. फ्रेंच बोलीत कानार म्हणजे बदक, वर्तमानपत्र आणि थापसुद्धा! नीट खातरजमा करून फक्त खोट्याच बातम्या छापू, अशी त्यांची हमी होती. बाकीचे रोज खऱ्या म्हणून काय छापत होते, ते वाचकांना ठाऊक होतंच. हे बदक अजून निघतं.

पुढे १९१७त क्लेमांसो पंतप्रधान झाला. पत्राचं नाव पुन्हा 'मुक्त माणूस' झालं, बाईंची कात्री मात्र चालूच राहिली. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हल्ली सेन्सॉरशिपवर चित्र काढायचं तर मोडकी पेन्सिल नाहीतर तोंडावर चिकटपट्टी, इतकंच बहुतेकांना सुचतं. मी अशी चित्रं बघून पान उलटते. गाझावरच्या काही चित्रांपाशी मात्र थांबावं लागतं. २०२३च्या ऑक्टोबरपासून तिथे दीडशेहून जास्त पत्रकार मारले गेले. अनास्तासीबाईंनी शब्द कापले, तरी लिहिणारा बहुधा दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन चडफडायला शिल्लक असे. या चित्रांत कात्री नसते. जमिनीवर एक निळं जॅकेट पडलेलं असतं आणि त्यावर 'प्रेस' ही अक्षरं. खऱ्या जॅकेटवरही ती तशीच मोठी, ठळक असतात. लांबून वाचता यावीत म्हणून.