मुस्तफाची बॅटरी

'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कॉलेजात होतो. त्याआधीची कितीतरी वर्षे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा हा खेळ माझ्यासाठी, आणि व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचे कॉइन टाकायला येणाऱ्या प्रत्येकासाठी, फक्त 'मुस्तफा' होता. पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ घालणारा तो गडी सर्वांनाच हवा असे, त्यामुळे ज्याच्या वाट्याला जॅक येई त्याचा रुसवा ठरलेला.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या पार्लरच्या मालकांकडून मी या खेळाचे दोन बोर्ड, म्हणजे खेळ ज्यांवर चालतो ती सर्किटे, आणि एक पेटी विकत घेतली. त्यांतला डुप्लिकेट बोर्ड लगेच सुरू झाला आणि कंपनीचा मूळ बोर्ड मात्र मेलेला निघाला. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने आवाज सांभाळणाऱ्या 'काबुकी' या प्रोसेसरचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात भरला होता आणि तो उलगडण्याची किल्ली बोर्डावरच्या एका छोट्या बॅटरीच्या जिवावर चिपमध्ये ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि नवी बॅटरी बसवून ती परत येत नाही. ज्यांनी चोरून नक्कल केली त्यांनी हे कुलूपच काढून टाकल्यामुळे त्यांचा माल टिकला. (चोरांचे आभार मानण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते.) पुढे हौशी तंत्रज्ञांनी त्या चिपचे अंतरंग शोधून किल्ली पुन्हा भरण्याची रीत काढली, आणि त्या रीतीने दोन रविवार खर्ची घालून आम्ही मूळ बोर्डही जिवंत केला.

एवढा खटाटोप कशाला, असे पत्नीने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली सुरू केलेल्या 'मेम' या, पार्लरचे जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे हा खेळ कोणत्याही लॅपटॉपवर चालतो. परंतु ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचे ते चित्र पिक्चर ट्यूबसाठी काढलेले आहे. तिच्यावर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत विरघळतात, तर सपाट पडद्यावर तेच चित्र चौकटींच्या ठिगळांसारखे दिसते.

शिवाय पेटीचे काय? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉटमध्ये अशा यंत्रांचे संग्रहालय आहे, पण तिथली यंत्रे कारखान्यातून रंगवून आलेली आहेत. आमची पेटी गावच्या सुताराने प्लायवूडची केली, तिला घरातल्या कपाटासारखा सनमायका लावला आणि आत टीव्हीची ट्यूब बसवली. तिची नक्कल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यामुळे बोर्डापेक्षा मला तीच अधिक दुर्मीळ वाटते.

सनमायका बदलून देतो, असे परवा एक सुतार म्हणाला. मी नको म्हटले. स्टिकच्या डाव्या बाजूला मनगटे घासून एक फिकट चंद्रकोर उमटली आहे, आणि तिच्या वर मालकांनी लाल रंगात लिहिलेले अजून वाचता येते : 'कॉइन अडकल्यास सांगावे, पेटीला लाथ मारू नये.'