आमची वाटचाल: गाडी विकत नाही, पाहून देतो

आमच्या गाळ्यापुढे कायम चार-पाच चांगल्या बाईक उभ्या असतात आणि येणारा-जाणारा हमखास विचारतो, "ही द्यायची का?" द्यायची नसते. दुरुस्तीला आलेली असते, नाहीतर कुणीतरी घ्यायच्या विचारात आहे म्हणून तपासायला आणलेली. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आम्ही करत नाही. घेणाऱ्याच्या बाजूने गाडी बघतो, जे दिसलं ते कागदावर लिहून खाली सही करतो आणि त्याचे पैसे घेतो. गाडी घेतली तरी तेवढेच, नाही घेतली तरी तेवढेच. नाशिकच्या सातपूरला बसून असा धंदा चालतो, यावर आमच्या नातेवाइकांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

सुरुवात साध्या गॅरेजने झाली. धाकटा भाऊ फिटर, मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला. नाशिकला रॅलीचं आणि मोटोक्रॉसचं वेड जुनं आहे. त्या वेडापायी भाऊ शाळकरी वयातच आरएक्स १०० चा कार्बोरेटर खोलायला शिकला आणि पुढे तेच पोटापाण्याचं झालं. पल्सर आली, एफझी आली, गॅरेज चालत राहिलं. मग जानेवारी २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक आली आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक. दोन्ही 'नेकेड' बाईक, म्हणजे पुढे काच-आवरण नसलेल्या, उघड्या अंगाच्या. पाण्याने थंड होणारं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, ४३ बीएचपी ताकद, आणि शोरूमची किंमत एक लाख ऐंशी हजार. गाडी बनते चाकणला, आपल्या पुणे रस्त्यावरच. कॉलेज रोडवर संध्याकाळी नारिंगी रिम दिसायला लागल्या.

आमच्याकडे गर्दी झाली ती मात्र त्यानंतर, पहिल्या मालकांनी हौस फेडून गाड्या विकायला काढल्या तेव्हा. निम्म्या किमतीत गाडी मिळाली म्हणून पेढे वाटणारा मुलगा महिन्याभरात गॅरेजच्या दारात यायचा. चेन-किट संपलेली, कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलेला, रेडिएटरचा पंखा बंद, पुढचा टायर गोटा. खर्चाचा आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरायचा आणि भाऊ दरवेळी एकच विचारायचा, "घ्यायच्या आधी का नाही आणली?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या डोक्यात कारखाना आला. तिथे बाहेरून आलेला माल आधी तपासतात, रिपोर्ट लिहितात, मगच आत घेतात. इथे लोक दीड-दोन लाखांची वस्तू टाकीवरून हात फिरवून घेत होते. मी नोकरी सोडली, कारखान्याच्या नमुन्यावर गाडीसाठी तपासणीचा कागद तयार केला, आणि गॅरेजच्या पाटीवर एक ओळ वाढली.

पहिले गिऱ्हाईक म्हणून जुन्या गाड्यांचे दलालच आले. "भाऊ, तुम्ही फक्त 'गाडी ओके' म्हणा, गाडीमागे तुमचं पाकीट ठरलेलं." नाही म्हटल्यावर त्यांच्याकडून गॅरेजला येणारं कामही बंद झालं. घरात त्यावरून बरीच धुसफूस झाली. वहिनीचं म्हणणं होतं की लक्ष्मी दारात आली असताना दार लावू नये. आज कागदपत्रांची बाजू तीच सांभाळते आणि दलाल आमच्यापेक्षा तिला जास्त वचकून असतात.

"चारशे सीसीमध्ये कोणती घेऊ?" हा प्रश्न रोजचा. आम्ही उत्तराआधी उलटे प्रश्न विचारतो, आणि पहिला असतो, मागे कोण बसणार? या गाड्यांची मागची सीट म्हणजे पाटच. आई किंवा बायको रोज मागे बसणार असेल तर तिलाही घेऊन या, बसवून बघा, साडी गार्ड आहे की काढून टाकलाय तेही बघा. दुसरा प्रश्न पाय टेकण्याचा. ट्रायम्फ स्पीड ४०० ची सीट ७९० मिलिमीटर उंचीवर आहे, ३९९ सीसीच्या नव्या ३९० ड्यूकची ८२०. कागदावर तीन सेंटिमीटरच, पण मुंबई नाक्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी थांबली की ते तीन सेंटिमीटर कळतात. वजनाचंही तसंच. होंडाची सीबी ३०० आर १४६ किलोची आहे, रॉयल एनफिल्डची हंटर ३५० मात्र १८१ किलोची. बुटक्या आणि सडपातळ चालवणाऱ्याला, मुली आता बऱ्याच येतात त्यांनाही, आम्ही आधी गाडी स्टँडवरून उचलून गाळ्यातून मागे ढकलत न्यायला सांगतो. ते जमलं की मग ताकदीचं बोलू.

ताकदीचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. स्पीड ४०० ची ४० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), टीव्हीएसच्या आरटीआर ३१० ची ३५.६, नव्या ३९० ची ४६. पण आकडा कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते कुणी बघत नाही. स्पीड ४०० चा ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, साडेसहा हजार आरपीएमला येतो, त्याच्या बराच आधीपासून गाडी ओढते, द्वारका चौकात सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. ३९० चा जीव वर असतो; मोकळ्या रस्त्यावर मजा, रहदारीत बोटं कायम क्लचवर. हंटरला २०.२ बीएचपीच आहे, पण २७ न्यूटन-मीटर खालच्या आरपीएमला मिळतो. रोज सिडको ते सातपूर करणाऱ्याला तीच परवडते, हे ऐकून ड्यूक घ्यायला आलेली पोरं नाराज होतात. होऊ देत.

आणखी एक. या गाड्यांना पुढे काच नाही, फेअरिंग (वारा अडवणारं आवरण) नाही. गंगापूर रोडवर, त्र्यंबकच्या रस्त्याला, दिंडोरी-वणीवरून सापुताऱ्याला यांच्यासारखं सुख नाही. सरळ बसणं, रुंद हँडल, घाटात गाडी मनासारखी वळते. पण मुंबई हायवेवर शंभरच्या पुढे सगळा वारा छातीवर येतो आणि कसाऱ्यापर्यंत मान आखडते. सिन्नरचा एक मुलगा समृद्धीने नागपूरला जायचं म्हणून साडेसहाशेची गाडी शोधत होता. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, हे त्याला आमच्या बाकावर बसून कळलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

किमतींचं गणित २२ सप्टेंबर २०२५ नंतर फिरलं. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के, जिथे आधी उपकर धरून ३१ होता. लगेच जुन्या ३९० चा प्रत्येक मालक "आता नवी महाग झाली" म्हणत पंधरा-वीस हजार चढवून सांगायला लागला. काही कंपन्यांनी वाढ स्वतःच्या अंगावर घेतली होती, तेव्हा मालकाचं ऐकू नका, शोरूमला फोन करून त्या दिवसाचा भाव विचारा. ३१० किंवा ३५० ची जुनी गाडी बघत असाल तर हे दुप्पट लागू. नव्या गाडीचीच किंमत उतरली असेल तर वर्षभर वापरलेलीला कालचा भाव कशाला द्यायचा?

आता तपासणी. आमचा नियम म्हणजे गाडी थंड हवी. पोचल्या पोचल्या भाऊ इंजिनच्या झाकणाला हात लावतो. गरम लागलं तर चहा प्यायला जातो, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघतो. थंड इंजिनची पहिली खरखर मालकाला लपवता येत नाही, आणि लपवायचं असेल तेच लोक आधी गाडी तापवून ठेवतात.

उघड्या अंगाच्या गाडीत एक सोय असते, पडलेली लगेच कळते. बारएंड (हँडलच्या टोकाचं वजन) घासलेला, लिव्हर नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना, फूटपेगचं (पाय ठेवायच्या दांडीचं) टोक झिजलेलं, इंजिनच्या झाकणावर रंगाचा हात. एवढ्याने आम्ही गाडी नापास करत नाही. स्टँडवरून कलंडलेली गाडी आणि धडकलेली गाडी यांत फरक आहे. धडक बघायची तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि मानेपाशी चॅसीवर जिथे ते अडतं तो स्टॉपर बॅटरी मारून बघायचा. तो चेपलेला असेल, किंवा तिथलाच रंग ताजा असेल, तर पुढून मार बसलाय. मग फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप), टाकीची कड, रेडिएटरचे कोपरे, सगळं नव्याने बघायला घ्यायचं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं आणि मधोमध खट्‌कन बसल्यासारखं वाटलं की कोनसेट गेला.

रेडिएटर या गाड्यांत पुढच्या चाकाच्या मागे उघडा असतो. आमच्याकडे पिंपळगाव, निफाड बाजूच्या गाड्या येतात त्यांच्या जाळीत द्राक्षबागेच्या रस्त्यांचा चिखल वाळून बसलेला असतो. खड्यांनी चेपलेल्या पट्ट्या थोड्या असतील तर चालतं. कूलंटच्या डब्यात मात्र साधं पाणी नको, आणि गाडी उभी ठेवून तापवल्यावर पंखा आपोआप लागला पाहिजे. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) बोटाने ओढायची. दाते अर्धे उघडे पडले तर पूर्ण किट धरा. फोर्कच्या नळीवर कोरडं फडकं फिरवून दोन-चार वेळा पुढचा ब्रेक दाबून गाडी दाबायची, तेलाची रेघ उमटली तर सील गेलं.

डिस्कच्या बाबतीत माझा कारखाना कामी येतो. कमीत कमी जाडी किती चालेल ते डिस्कवरच कोरलेलं असतं. मी मायक्रोमीटर (जाडी मोजायचं उपकरण) लावतो आणि आकडा लिहितो. मालक लोकांना याचा फार राग येतो, बोटाने दाबून "चांगली आहे" म्हणणाऱ्याशी भांडता येतं, मायक्रोमीटरशी येत नाही. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड. मुळात लागतच नसेल तर दिव्याचाच बंदोबस्त केलाय, असं आम्ही धरतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर आम्ही विश्वास ठेवत नाही. टायरच्या अंगावर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी २०२१ ची, मीटर आठ हजार, आणि मागचा टायर २०२४ चा, तर मालकाला विचारा आठ हजारांत टायर कसा संपला. कदाचित खरंच खिळ्याने फाटला असेल. मग डिस्क, फूटपेगचं रबर, हँडलची पकड, सर्व्हिसच्या नोंदी यांच्याशी ते जुळवून बघायचं. सर्व्हिसचं अंतरही माहीत हवं. स्पीड ४०० ला १६ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं आधी येईल ते. म्हणजे गाडी कमी फिरली तरी वर्षाला एक नोंद दिसलीच पाहिजे.

कागदांचं वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, "आधी चॅसी नंबर, मग गप्पा." आरसीवरचा नंबर मानेपाशी कोरलेल्याशी जुळतो का बघायचा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. विक्रीला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हीकडे सह्या, आणि थकलेली ई-चलनं आधी भरून. दिल्लीची गाडी वीस-तीस हजारांनी स्वस्त मिळते खरी, पण बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, एमएच-१५ चा नंबर घ्या. स्वस्ताई तिथेच संपते. विम्याचं तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बरेच जण पहिल्या वर्षानंतर सोडून देतात. "विमा चालू आहे" हे मालकाचं वाक्य म्हणूनच खरं असूनही उपयोगाचं नसतं. आणि गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही नावावर करायला टाकायचा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

आता सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर रस्ते खोदलेले आहेत आणि रिमचं काम वाढलंय. स्टँडवर चाक फिरवून डायल गेज लावला की वाकलेली रिम लगेच दिसते. पूर्वी तपासणीच्या कागदावर हा रकाना शेवटी होता, आता वर आणलाय. आयटीआय झालेला एक मुलगा हाताखाली आहे. त्याला फिटरकी भाऊ शिकवतो आणि लिहायला मी, कारण "ठीक आहे" हा शब्द आमच्या कागदावर चालत नाही. किती मिलिमीटर, कुठे, कोणत्या बाजूला, ते लिहायचं.

साडेसहाशेच्या गाड्याही अधूनमधून येतात, कावासाकीची झेड ६५०, ट्रायम्फची ट्रायडंट ६६०. एक दोन सिलिंडरची, दुसरी तीन. या गाड्यांना निम्मा दिवस जातो, टायर आणि पार्ट्सचे आकडे वेगळेच असतात, म्हणून पैसेही जास्त घेतो आणि ते फोनवरच सांगतो. ज्यांना ते जड वाटतं त्यांनी पुढच्या टायर-जोडीचा भाव आधी विचारून घ्यावा, मग आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवावं.